कुत्र्या-मांजरांच्या गाठी आणि कॅन्सर : आधी सुई, मग सुरी, मग औषध

निवडुंग
कुत्र्याच्या अंगावर गाठ हाताला लागली की बऱ्याचदा एकच वाक्य ऐकू येतं : "चरबीची आहे, राहू द्या, वाढली तर बघू." चरबीची गाठ मऊ आणि हलती असते हे खरं, पण मास्ट सेल ट्यूमर (कुत्र्याच्या कातडीत होणारा एक कॅन्सर) हाही तसाच मऊ आणि हलता असू शकतो. बोटाने चाचपून गाठीचं नाव सांगता येत नाही. ते सुई सांगते, आणि सुईच्या तपासणीला भूल लागत नाही, टाके पडत नाहीत. म्हणून गाठ १ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा महिनाभर टिकून असेल, तर वाट न बघता सुईने नमुना घ्यायला सांगा.

नमुना कसा घेतला जातो हे आपल्यालाही माहीत हवं, कारण "रिपोर्टमध्ये काही कळत नाही" असं येतं तेव्हा बहुतेक वेळा चूक काचपट्टी बनवतानाच झालेली असते. २२ किंवा २३ गेजची सुई आणि ५ मिलिची सिरिंज पुरते. गाठीत सुई फिरवून झाली की दट्ट्या आधी सोडायचा, मग सुई बाहेर. दट्ट्या ओढलेला असतानाच सुई काढली की सगळा माल सिरिंजच्या नळीत जातो आणि काचेवर काहीच येत नाही. मग सुई वेगळी करून सिरिंजमध्ये हवा भरायची, सुई परत लावायची, काचेवर फुंकर मारल्यासारखं सोडायचं आणि दुसऱ्या काचेने अलगद पसरायचं. दाबायचं नाही. लिम्फोमाच्या (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) पेशी इतक्या नाजूक असतात की दाबलं की फुटतात आणि रिपोर्टमध्ये नुसते "फुटलेले केंद्रक" येतात.

काच हवेत हलवून लगेच सुकवा. चार ते सहा पट्ट्या करा, त्यातल्या दोन न रंगवता ठेवा. नाव पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई रंगवताना वापरलेल्या स्पिरिटमध्ये धुऊन जाते. पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. आणि सर्वात महत्त्वाचं : काचपट्ट्या आणि फॉर्मालिनची बाटली एकाच डब्यातून कधीच पाठवायची नाही. फॉर्मालिनची वाफ लागली की पेशी रंग धरत नाहीत. चांगला घेतलेला नमुना कुरिअरच्या डब्यात वाया जातो तो असा.

ओसरी
उत्तम धागा. एक शंका : स्तनातल्या गाठीला सुई टाकून चांगली की वाईट ते कळतं का? आमच्याकडे ९ वर्षांची लॅब्रेडॉर आहे, नसबंदी केलेली नाही, चौथ्या स्तनापाशी साधारण ३ सेंटिमीटरची गाठ आहे.

भरारी
ओसरीताई, कुत्रीच्या स्तनाच्या गाठीत सुईवर भिस्त ठेवू नका. एकाच गाठीत एका बाजूला साधी वाढ आणि दुसऱ्या बाजूला कॅन्सर असं सर्रास सापडतं, सुई नेमकी साध्या भागात गेली की फसवणूक होते. इथे सुईचा उपयोग एवढाच की ही गाठ स्तनाचीच आहे, मास्ट सेल किंवा नुसता गळू नाही, हे कळतं. खरं निदान काढलेल्या गाठीच्या हिस्टोपॅथॉलॉजीवर, म्हणजे तिचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून. कुत्र्यांत या गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या कॅन्सरच्या निघतात. मांजरीत हे प्रमाण ८५ ते ९० टक्के आहे, म्हणून मांजरीच्या स्तनातली गाठ उलट सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच धरायची.

शस्त्रक्रियेआधी छातीचे एक्स-रे तीन हवेत : उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर उताणं. एका कुशीवर झोपवलं की खालचं फुप्फुस दाबलं जातं, त्यातली हवा कमी होते आणि तिथली छोटी गाठ आजूबाजूच्या पांढुरक्या भागात हरवते. "एकच एक्स-रे काढला, स्वच्छ आहे" याला म्हणून अर्थ नाही. साधारण अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ मात्र तीन एक्स-रेतही दिसेलच असं नाही, त्यासाठी सीटी लागतो. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, आणि वयस्क कुत्रीच्या पोटाची सोनोग्राफी.

कुत्रीत गाठ ३ सेंटिमीटरच्या आत असली तर पुढचा मार्ग सोपा, ३ ते ५ मध्ये अवघड, ५ च्या वर आणखी अवघड. मांजरीत हीच मोजपट्टी २ आणि ३ सेंटिमीटरची. तुमची कुत्री सीमेवर आहे, म्हणून पुढच्या माजाची वाट बघू नका.

कितपत काढायचं? कुत्रीला सहसा स्तनांच्या पाच जोड्या असतात. अर्ध्या सेंटिमीटरची सुटी गाठ असेल तर तेवढीच, मोठी असेल तर तो स्तन किंवा शेजारचे एकत्र. चौथा-पाचवा गुंतला असेल तर जांघेतली लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) पाचव्याबरोबरच निघते आणि ती तपासायला गेलीच पाहिजे. मांजरीत मात्र त्या बाजूची पूर्ण रांग काढावी लागते, गरज असेल तर दुसरी बाजू चार ते सहा आठवड्यांनी. दोन्ही एकदम काढल्या की छातीची कातडी इतकी ताणली जाते की भुलीतून उठताना श्वासाला अडथळा होतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. स्तनांची अख्खी रांग गरम, लाल, कडक आणि दुखरी झाली असेल, मागचा पायही सुजला असेल, तर तो दाहक प्रकारचा कॅन्सर असू शकतो. दुधाच्या गाठी किंवा जंतुसंसर्ग समजून त्यावर दोन-दोन आठवडे अँटिबायोटिक चालतं. यात शस्त्रक्रिया करायची नसते, कातडीच्या लसिकावाहिन्यांतच पेशी पसरलेल्या असल्याने जखम भरत नाही आणि हाल वाढतात. अशा वेळी कातडीचा छोटा तुकडा काढून आधी निदान.

निवडुंग
भरारी यांच्या म्हणण्याला जोड. काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नका. "डॉक्टर म्हणाले सगळी काढली" हा रिपोर्ट नव्हे.

रुंद तोंडाची बरणी घ्या. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये कडक होतो आणि मग बाटली फोडूनच काढावा लागतो. १० टक्के फॉर्मालिन म्हणजे बाजारातलं फॉर्मालिन १ भाग आणि ९ भाग पाणी, शक्य असेल तर बफर घातलेलं. तुकड्याच्या दहापट द्रव हवा. मोठी गाठ असेल तर तिला पावासारखे १ सेंटिमीटर जाडीचे काप द्यायचे, पण तळाशी सगळे काप जोडलेले ठेवायचे. काप न देता अख्खी गाठ टाकली की बाहेरचा भाग टिकतो आणि आत कुजते, आणि कॅन्सर बऱ्याचदा आतच असतो. सर्जनने कडा शाईने रंगवल्या किंवा एका टोकाला टाका घालून "हे डोक्याकडचं टोक" असं लिहिलं, तर कुठल्या बाजूला पेशी राहून गेल्या ते सांगता येतं. चिठ्ठी झाकणावर नको, बरणीवर. झाकणं बदलतात.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा : गाठीचा प्रकार, श्रेणी १ ते ३ (३ म्हणजे सर्वात आक्रमक), कडा स्वच्छ आहेत का, आणि रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्यात का. यातलं काही लिहिलेलं नसेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा, तो तुमचा हक्क आहे. शक्यतो पशुवैद्यकीय विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवा. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, नागपूरचं महाविद्यालय. माणसांच्या लॅबला कुत्र्यातले काही प्रकार रोज बघायला मिळत नाहीत, टीव्हीटी (कुत्र्यांत संभोगातून पसरणारा कॅन्सर) तर माणसात नसतोच.

चिंचपाणी
टीव्हीटीचा विषय निघालाच आहे तर लिहिते. रस्त्यावरच्या कुत्र्यांत हा कॅन्सर खूप दिसतो, आणि सगळ्या गाठींत बरा होण्याची शक्यता यातच सर्वात जास्त. तरीही कुत्री सडत मरतात, कारण कोणी ओळखत नाही.

मादीच्या योनीतून किंवा नराच्या लिंगाच्या आवरणातून थेंब थेंब रक्त, आत फुलकोबीसारखी लालसर, सहज रक्त येणारी गाठ. मादी "माजावर आली" म्हणून सोडून दिली जाते. माजाचं रक्त दोन-तीन आठवड्यांत थांबतं, टीव्हीटीचं थांबत नाही. नाकातही होतो, कारण हा आजार जिवंत पेशींनीच पसरतो : संभोग, हुंगणं, चाटणं. एका कुत्र्याच्या गाठीच्या पेशी दुसऱ्याच्या ओल्या त्वचेवर रुजतात. माणसाला होत नाही. काचपट्टी गाठीवर नुसती टेकवली तरी गोल पेशी आणि त्यांच्यातले पाण्याच्या थेंबांसारखे बुडबुडे दिसतात, निदान तिथेच होतं.

नाकातून रक्त आलं की गोचीड तापाची (एर्लिकियाची) तपासणीही करा, त्यातही नाकातून रक्त येतं. दोन्ही एकाच कुत्र्यात असू शकतात.

उपचार : व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध, आठवड्यातून एकदा, शिरेतूनच, पशुवैद्याच्या हातूनच. मात्रा ०.५ ते ०.७ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. २० किलोच्या कुत्र्याचं अंगाचं क्षेत्रफळ साधारण ०.७४ चौरस मीटर धरलं जातं, म्हणजे वरच्या मात्रेने ०.५२ मिलिग्रॅम. १ मिलिग्रॅम प्रति मिलिच्या कुपीतून जेमतेम अर्धा मिलि. इतकी छोटी मात्रा असल्याने वजन अंदाजाने घेतलं की चूक मोठी होते. दर आठवड्याला वजन करा.

बहुतेकांना चार ते सहा डोस लागतात. गाठ डोळ्यांना दिसेनाशी झाल्यावरही एक-दोन डोस पुढे द्यावे लागतात. इथेच भटक्या कुत्र्यांचं गणित चुकतं : दोन डोसनंतर रक्त थांबतं, कुत्रं सोडून दिलं जातं, परत हाती लागत नाही, आणि अर्धवट उपचारातून उरलेली गाठ पुढे व्हिन्क्रिस्टिनला दाद देत नाही. मग डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या केमो-औषधाकडे जावं लागतं. सगळे डोस होईपर्यंत पिंजऱ्यात ठेवायची सोय असेल तरच सुरू करा. नुसती कापून काढली तर पुन्हा उगवण्याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून सुरी हा टीव्हीटीचा पहिला उपाय नव्हे.

प्रत्येक डोसआधी सीबीसी. पांढऱ्या पेशी ४००० च्या खाली असतील तर तो आठवडा सोडायचा.

पानगळ
चिंचपाणी, शिरेबाहेर औषध गेलं तर काय होतं तेही लिहा ना. आमच्या भागात हे सलाइनच्या बाटलीत मिसळून लावलेलं पाहिलंय.

चिंचपाणी
तसं करू नये. बाटलीतून तासभर चालू राहिलं आणि कुत्रं हललं, सुई सरकली, की औषध कातडीखाली जातं आणि तिथलं मांस मरतं. जखम आठ-दहा दिवसांनी उघडते, पाय गमवायची वेळ येते. नवीन शीर, पहिल्याच प्रयत्नात लागलेली कॅन्युला, त्याच दिवशी रक्त काढलेली शीर नाही. आधी १० मिलि सलाइन सोडून बघायचं, मग औषध झटकन, मग परत १० मिलि सलाइन. चुकून गेलंच तर व्हिन्क्रिस्टिनला गरम शेक, डॉक्सोरुबिसिनला बर्फ. उलट केलं तर नुकसान वाढतं.

आणि पंखा बंद करा. छताचा पंखा चालू ठेवून कुपी फोडली की औषधाचे सूक्ष्म थेंब खोलीभर होतात. नायट्राइलचे दोन हातमोजे, लांब बाह्यांचा गाऊन, स्क्रूने बसणारी सिरिंज. गरोदर बाईने त्या खोलीत थांबू नये. वापरलेल्या सुया, सिरिंजा, कुपी नेहमीच्या कचऱ्यात नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सायटोटॉक्सिक (पेशी मारणाऱ्या औषधांचा) कचरा खूण केलेल्या पिवळ्या पिशवीत जातो.

घरी डोसनंतर दोन ते तीन दिवस लघवी, शी, उलटी हातमोजे घालून पुसायची, साबणाच्या पाण्याने फरशी धुवायची, लहान मुलांना लांब ठेवायचं. गोळी असेल तर तिचे तुकडे करू नका, कुटू नका.

ओसरी
मानेखाली आणि गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना गाठी आल्या तर तो लिम्फोमाच का? शेजारच्यांच्या कुत्र्याला लगेच प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू केलंय.

निवडुंग
हे नक्की लिहायचं होतं. निदानाआधी प्रेडनिसोलोन देऊ नका. गाठी दोन दिवसांत उतरतात, सगळ्यांना बरं वाटतं, आणि मग सुईत काही सापडत नाही. शिवाय लिम्फोमा असेल तर पुढच्या केमोला तो दाद कमी देतो. गाठींची सुई-तपासणी एका दिवसात होते, तेवढं थांबता येतं.

गाठी सुजण्याचं कारण आपल्याकडे एर्लिकियाही असतं, म्हणून प्लेटलेट आणि एर्लिकियाची तपासणी सोबत करावी. लिम्फोमाच्या गाठी सहसा मोठ्या, कडक आणि न दुखणाऱ्या. सुई जबड्याखालच्या गाठीत घालू नका, दातांच्या किडीमुळे ती नेहमीच थोडी सुजलेली असते. खांद्यापुढची किंवा गुडघ्यामागची निवडा. रक्तात कॅल्शियम बघा : कुत्रं अचानक जास्त पाणी पिऊ लागलं, जास्त मुतू लागलं तर टी-पेशींचा प्रकार असू शकतो (लिम्फोमा बी किंवा टी या पांढऱ्या पेशींपासून होतो). बी की टी हे ठरवायला वेगळी तपासणी लागते आणि ती करावीच, कारण पुढचा काळ त्यावर बराच अवलंबून असतो.

भरारी
लिम्फोमाला सुरी नाही, औषधच. कुत्र्यांत सर्वात जास्त वापरला जाणारा आराखडा चॉप, १९ आठवड्यांचा. पाच आठवड्यांची एक फेरी : पहिल्या आठवड्यात व्हिन्क्रिस्टिन, दुसऱ्यात सायक्लोफॉस्फमाइड, तिसऱ्यात परत व्हिन्क्रिस्टिन, चौथ्यात डॉक्सोरुबिसिन, पाचवा मोकळा. अशा चार फेऱ्या, शेवटचा मोकळा आठवडा मोजायचा नाही. प्रेडनिसोलोन फक्त पहिले चार आठवडे, प्रति किलो २ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला अर्ध्या मिलिग्रॅमने उतरवत बंद.

सायक्लोफॉस्फमाइड सकाळी द्या आणि दिवसभर दर दोन तासांनी बाहेर न्या. हे औषध लघवीत साठून राहिलं की मूत्राशयाचं अस्तर जळतं आणि लघवीतून रक्त येतं. डॉक्सोरुबिसिन हृदयाला घातक, म्हणून बॉक्सर, डॉबरमन अशांची आधी इको. आयुष्यभरात १८० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या वर जायचं नाही. चॉपच्या चार डोसांत १२० होतात. कॉलीसारख्या जातींत एमडीआर१ जनुकाचा दोष असतो, त्यांना नेहमीची मात्रा विषासारखी लागते. आधी तपासणी करा, जमत नसेल तर मात्रा कमी ठेवा.

अपेक्षा स्पष्ट हव्यात. बी-पेशींच्या लिम्फोमात चॉपने दहातले आठ-नऊ कुत्रे गाठीमुक्त होतात, पण सहसा कायमचे नाही. साधारण वर्षभराचा चांगला काळ मिळतो, टी-पेशींत त्याहून कमी. नुसत्या प्रेडनिसोलोनवर एक ते दोन महिने. काहीच न करता चार ते सहा आठवडे. चॉप झेपणार नसेल तर दर तीन आठवड्यांनी नुसतं डॉक्सोरुबिसिन हा मधला मार्ग आहे, आणि नुसतं प्रेडनिसोलोन निवडणारा माणूस कमी प्रेमाचा ठरत नाही. फक्त एकदा नुसतं प्रेडनिसोलोन महिनाभर दिल्यावर परत चॉपकडे वळणं अवघड, म्हणून निवड पहिल्या दिवशी करा.

कुत्र्यांच्या केमोची मात्रा माणसांच्या मानाने कमी ठेवतात, हेतू आजार दाबून ठेवून बरे दिवस मिळवण्याचा असतो. लॅब्रेडॉर किंवा गावठी कुत्र्याचे केस फारसे जात नाहीत, शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे जातात. उलट्या-जुलाब दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, त्यासाठी मॅरोपिटंट (उलटी थांबवणारं औषध) घरी आधीच आणून ठेवा. खरा धोका सातव्या दिवसाच्या आसपास, तेव्हा पांढऱ्या पेशी सर्वात खाली असतात. घरात थर्मामीटर हवा, गुदद्वारातून मोजायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०३ च्या वर गेलं आणि कुत्रं मलूल असलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. सकाळपर्यंत थांबू नका. या काळात कच्चं मांस आणि कच्ची अंडी बंद.

पानगळ
वेदनेसाठी घरात काय चालतं? मोठ्या जातीचं कुत्रं लंगडतंय, महिनाभर गोळ्या चालू आहेत.

भरारी
आधी लंगडण्याचा एक्स-रे, आजच. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड यांच्यात पुढच्या पायात मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ, मागच्यात गुडघ्याच्या आसपास हाड सुजलं की ऑस्टिओसारकोमा (हाडाचा कॅन्सर) डोक्यात असायलाच हवा. निदानाच्या वेळी बहुतेकांच्या फुप्फुसात न दिसणाऱ्या पेशी पोचलेल्या असतात. पाय काढला तर वेदना थांबते आणि चार-पाच महिने मिळतात, सोबत कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर साधारण दहा-बारा. तीन पायांवर कुत्रं आपल्या कल्पनेपेक्षा लवकर चालू लागतं, फक्त उरलेले सांधे धड आहेत ना आणि वजन आटोक्यात आहे ना ते बघून घ्या.

गोळ्यांबद्दल : कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी ०.२ आणि मग रोज ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, जेवणानंतर, मूत्रपिंडाची तपासणी करून. प्रेडनिसोलोन चालू असेल तर मेलॉक्सिकॅम नाही, दोन्ही मिळून पोटात अल्सर फुटतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याला नाही. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेते. गॅबापेंटिन चालतं, पण माणसांचं पातळ औषध घेताना लेबल वाचा, झायलिटॉल (गोडीसाठी घातलेला पदार्थ) असेल तर कुत्र्याला विष. आणि त्वचेच्या कॅन्सरवरचं ५-फ्लुरोयुरासिल मलम घरात कुणी लावत असेल तर त्याची ट्यूब कुत्र्या-मांजराच्या हाती लागता कामा नये.

ओसरी
पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला महिनोन् महिने खपली आहे. हा कॅन्सर असू शकतो?

निवडुंग
असू शकतो. पांढऱ्या कानाच्या मांजरांत उन्हामुळे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (कातडीचा कॅन्सर) होतो, सुरुवात नेमकी अशीच : टोकाला लालसरपणा, मग न भरणारी खपली, मग कान झिजत जातो. आपल्याकडे हे खरूज किंवा भांडणाची जखम समजून मलमावर चालतं. बायोप्सी करून कानाची पाळी वेळेवर काढली तर बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. पुढे सकाळी दहा ते दुपारी चारच्या उन्हात खिडकीत बसू देऊ नका.

मांजराला लस दिलेल्या जागी गाठ आली तर तीन गोष्टी मोजा : तीन महिन्यांनंतरही टिकून आहे, किंवा २ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, किंवा लशीनंतर महिन्याभराने वाढतेच आहे. यातलं एकही असेल तर बायोप्सी, आणि तीही छोटा तुकडा घेऊन. लशीच्या जागचा हा कॅन्सर (सारकोमा) मुळं पसरवत जातो, घाईघाईने सोलून काढला की मुळं मागे राहतात आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कितीतरी मोठी करावी लागते. मास्ट सेललाही तेच : कुत्र्यात बाजूने २ ते ३ सेंटिमीटर आणि खाली स्नायूचा एक थर घेऊन काढायची, म्हणून निदान सुरीच्या आधी हवं.

ओसरी
कुत्रीची शस्त्रक्रिया ठरली, तीन एक्स-रे स्वच्छ आले आहेत. नंतर किती वेळा दाखवायचं?

भरारी
टाके दहा ते चौदा दिवसांनी. मांडीच्या बाजूला पाणी साठलं तर घाबरू नका, पण जखमेतून वास आला किंवा कडा काळ्या पडल्या तर त्याच दिवशी न्या. गळ्यातली कॉलर टाके निघेपर्यंत काढायची नाही, अगदी "चाटत नाहीये" असं वाटलं तरी. हिस्टोपॅथॉलॉजी हाती आली की इथे श्रेणी, कडा आणि लसीकाग्रंथीचा निकाल लिहा. श्रेणी १ आणि स्वच्छ कडा असतील तर सहसा पुढे औषध लागत नाही. श्रेणी ३ किंवा ग्रंथीत पेशी असतील तर केमोचा विचार ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) बघणाऱ्या पशुवैद्याशी बोलून करा. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी छातीचे तीन एक्स-रे, मग दर सहा महिन्यांनी. उरलेले स्तन दर महिन्याला तुम्ही स्वतः चाचपा : कुत्री उताणी, पुढून मागे, एकेक स्तन दोन बोटांत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा कॅलिपर घ्या आणि सापडलेल्या प्रत्येक गाठीचं माप तारीख घालून वहीत लिहा.